वळणावरचे शेंदरी दगड

सांगलीची माणसं हिंगोलीला दोनच कारणांनी जातात. एक हळदीचा व्यापार, दुसरं बदली. मी तिसऱ्याच कारणाने गेले, दगड मोजायला. घरी हे सांगितलं तेव्हा नवऱ्याने वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता विचारलं, "इथले संपले का?"

प्रश्न रास्त होता. एकतीस वर्षं मी कॉलेजात भूगोल शिकवला आणि जवळजवळ दर वर्षी मुलांना कृष्णेच्या काठावर नेऊन गोटे मोजायला लावले. निवृत्तीनंतर हे खूळ जाईल अशी घरच्यांची समजूत होती. पण सप्टेंबर संपत आला असताना संतोषचा फोन आला. संतोष माझा जुना विद्यार्थी, मूळचा हिंगोलीचा, आता तिथेच जलसंधारणाच्या कामावर आहे. डोंगरकड्याजवळच्या एका तांड्यावर नदीचं वळण काढून ती सरळ करायची योजना त्याने आखली होती. दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत तो ठराव यायचा होता. त्याआधी मॅडमनी एकदा बघून जावं, अशी त्याची इच्छा. 'बघून जा' याचा अर्थ 'छान आहे म्हणा' असा असतो, हे मला नोकरीने शिकवलंय. तरी गेले.

हिंगोली

प्रवासाबद्दल सांगण्यासारखं एवढंच, की तो संपला. स्टेशनवर संतोष आला होता. वाटेत त्याने मुद्दाम मोंढ्यावरून, इथल्या धान्यबाजारातून, गाडी नेली आणि काच खाली केली. हळदीचा वास आला. आमच्या सांगलीच्या मार्केट यार्डात येतो तसाच, किंचित ओला. मी म्हटलं, आमची जरा जास्त पिवळी असते. तो म्हणाला, तुमची म्हणजे आमचीच, मॅडम, इथूनच येते. पाहुण्याने गावात शिरल्या शिरल्या वाद घालू नये, म्हणून मी काच वर केली.

संतोषचे वडील देवळात पूजा सांगतात. अंगाने बारीक, बोलण्याने त्याहून बारीक. त्यांनी नमस्कार केला आणि विचारलं, "सुशीला खाता ना?" मी त्यांच्या सुनेकडे पाहिलं. मग ताटलीत कांदा, शेंगदाणे, डाळ्याचं कूट घातलेले, भिजवून परतलेले चुरमुरे आले. सुशीला म्हणजे ते. आमच्याकडे चुरमुऱ्यांचं फार तर भडंग होतं, ते कुरकुरीत राहिलं नाही तर घरात भांडण लागतं. इथे चुरमुरे मुद्दाम मऊ करतात, आणि लागतात बेस. मी दोनदा घेतले.

खाणं झाल्यावर संतोषने लॅपटॉप उघडला. पडद्यावर तांड्याजवळची नदी होती. घोड्याच्या नालासारखं एक मोठं वळण, आणि नालाच्या दोन टोकांना जोडणारी त्याने काढलेली निळी सरळ रेघ. मुलाने नदीला इस्त्री केली होती. का, तर वळणाच्या बाहेरच्या बाजूला एका बाईचं रान आहे आणि दर पावसाळ्यात नदी ते खाते. रेघेवरून चर खणला, की नदी वळणात शिरणारच नाही. रान वाचेल. योजना साधी होती, हेतू चांगला होता, आणि रेघ खरोखरच सुरेख आली होती.

मी विचारलं, "ह्यातून गोटे कसे जातील?" तो म्हणाला, "कोणते गोटे?"

इथे वाचकांसाठी चार ओळी खर्च करते. नदी पाणी वाहते हे सगळ्यांना ठाऊक असतं. ती दगड, वाळू, मातीही वाहते. कुठे उतरवते, कुठे उचलते, त्यावरून तिचा आकार ठरतो. वळणाच्या बाहेरच्या बाजूला पाणी जोरात असतं, तिथे ती उचलते. आतल्या बाजूला संथ असतं, तिथे उतरवते. म्हणून नदीला काही करायचं असेल तर आधी तिचं हे सामान कुठून येतं आणि कुठे जातं ते बघावं. हे मी वर्गात दर वर्षी सांगत असे. मुलं लिहून घेत. संतोषनेही घेतलं होतं, वही अजून आहे म्हणाला.

सिद्धेश्वर

दुसऱ्या दिवशी संतोषला सिद्धेश्वरच्या धरणाकडे काम होतं, मीही गेले. धरण भरलेलं होतं. संतोष ऑफिसात शिरला आणि मी पाण्याच्या कडेला जाळं सोडवत बसलेल्या एका मासेमाराशी बोलत बसले. मी गाळाबद्दल विचारतेय म्हटल्यावर त्याला आनंद झाला. लोक नुसतं मासा कसा दिला विचारतात, म्हणाला. होडीतला लांब बांबू दाखवून त्याने सांगितलं, की कडेकडेने कुठे तळ किती वर आलाय ते त्याला या बांबूवरून बिनचूक कळतं.

"वरून तर समदीकडं पाणीच दिसून राहिलं, बाई," तो म्हणाला. "खाली काय बसून राहिलं ते बांबूला पुसावं लागते."

थांबलेल्या पाण्यात नदी आपलं ओझं टाकते, हे मी पुस्तकातून शिकवलं. हा माणूस ते रोज हाताने चाचपतो. मी त्याला तसं सांगितलं, तर तो म्हणाला, मग तुमाला मासा बी कळत असंल. मला कळत नव्हता. त्याने एक निवडून दिला, शेजारच्या टपरीवर तळून घेतला. इथलं तिखट कोल्हापुरी तिखटापेक्षा सौम्य आहे असं मी संतोषला म्हणाले, आणि पुढचा अर्धा तास मला काही म्हणता आलं नाही.

तांडा

डोंगरकडा हे मोठं गाव आहे, बाजारपेठेचं. तिथे संतोषने भाड्याने खोली घेतली आहे, वरची खोली मालकिणीने मला दिली. तांडा तिथून गाडीवाटेने अर्ध्या तासावर. दोन्ही बाजूंना हळद आणि केळी. तांडा बंजाऱ्यांचा. ही माणसं पूर्वी बैलांच्या पाठीवर गोण्या लादून मुलुखभर मीठ-धान्य वाहायची. आता सगळे शेतकरी. आपसांत त्यांची बोली बोलतात, आमच्याशी मराठी.

तांड्याचे नाईक धनसिंगबाबा ओट्यावर बसले होते. ऐंशीच्या घरातले, पांढरा फेटा, नजर तेज. संतोषने माझी ओळख 'सांगलीच्या मोठ्या मॅडम' अशी करून दिली. बाबांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि उंचीच्या बाबतीत दुजोरा दिला.

वळण दाखवायला शेवंताबाई आल्या. रान त्यांचंच. ठेंगण्या, चाळिशीच्या, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणाऱ्या. नवरा पुण्याकडे पोकलेन चालवतो, शेती ह्या बघतात. त्यांनी मला थेट काठावर नेलं. काठ म्हणजे दोन पुरुष उंचीचा उभा कडा होता, मातीला ताज्या भेगा, आणि हळदीची शेवटची सरी अर्धी जमिनीत अर्धी हवेत. पाण्याच्या पाइपाचं एक टोक काठाबाहेर लोंबत होतं. "हितून पुढं माझी मोटर व्हती," त्या म्हणाल्या आणि नदीच्या मधोमध बोट दाखवलं.

मी कुठली हे त्यांनी विचारलं. सांगली म्हटल्यावर म्हणाल्या, "ठावं हाय. तीन हंगाम ऊस तोडलाय तिथं. तुमच्या नदीला पाणी लई, पर वास येते."

दर हिवाळ्यात आमच्या रस्त्याकडेला ऊसतोडीच्या खोपी पडतात. एकतीस वर्षं मी त्यांच्यावरून मुलांची सहल नदीवर नेली, आणि खोपीतल्या कुणाशी एक शब्द बोलले नाही. ही बाई मात्र माझी नदी बघून तिच्याबद्दल मत करून आली होती. मतही बरोबर होतं. मला ओशाळल्यासारखं झालं, ते मी त्यांना सांगितलंही नाही, इथे लिहितेय.

वळणाच्या आतल्या बाजूला गोट्यांचा रुंद पट्टा आहे, आणि त्याला लागून तांड्याची पिण्याच्या पाण्याची विहीर. नदीचं पाणी या गोट्यांतून गाळून विहिरीत येतं. उन्हाळ्यात नदी आटली तरी पट्ट्याच्या पोटात पाणी राहतं. तांड्यावर दुसरी विहीर नाही. संतोषच्या निळ्या रेघेने नदी या पट्ट्यापासूनही दूर जाणार होती. त्याने तो विचार केला नव्हता, कारण त्याला कुणी विहिरीसाठी बोलावलंच नव्हतं.

मी कामाला लागले. गोटे मोजायची रीत अशी: पट्ट्यावर डोळे मिटून एक पाऊल टाकायचं, बोटाला लागेल तो गोटा उचलायचा, पट्टीने मोजायचा, ठेवायचा. असे शंभर. डोळे मिटायचे, कारण उघड्या डोळ्यांनी माणूस नेहमी देखणा दगड उचलतो. काठावर घागरी घेऊन आलेल्या बाया थांबल्या. एक पोक्त बाई डोळे मिटून नदीत चालते आहे आणि दर पावलाला दगड उचलून खाली ठेवते आहे, हे त्यांनी शंभरपर्यंत शांतपणे पाहिलं. कुणी हसलं नाही. नवस असेल असं त्यांना वाटल्याचं मला नंतर समजलं.

आता गोटे चालतात कसे ते बघायला ते रंगवून ठेवावे लागतात. पूर येऊन गेला की कुठला कुठे गेला ते शोधायचं. डोंगरकड्याच्या हार्डवेअरच्या दुकानात ऑइलपेंटचे तीन रंग होते. हिरवा शेवाळात दिसला नसता, पांढऱ्या गोट्यांत पांढरा दिसला नसता. मी शेंदरी घेतला. काळ्या दगडावर शेंदरी लांबून दिसतो. ऐंशी दगड रंगवले, प्रत्येकावर काळ्या रंगाने नंबर घातला. तांड्याच्या वरच्या अंगाला एक कोल्हापुरी बंधारा आहे. एक ते वीस बंधाऱ्याच्या वर ठेवले, एकवीस ते ऐंशी खाली. संतोष बाजूला डबा धरून उभा होता. एकदा तो म्हणाला, "मॅडम, पिवळा मागवू का हिंगोलीहून?" मी म्हटलं, शेंदरीच बरा. तो पुजाऱ्याचा मुलगा आहे, त्याने आणखी काही बोलायला हवं होतं.

डोंगरकडा

दुसऱ्या दिवशी वरच्या भागात पाऊस झाला, नदी लाल होऊन आली आणि तांड्याची वाट दोन दिवस बंद झाली. मला पूर हवाच होता, पण तसं बोलता येत नव्हतं. मालकीणबाई देवाजवळ दिवा लावून आमच्या ह्यांचं सोयाबीन वाचू दे म्हणत होत्या. मी गप्प ज्वारीची भाकरी आणि ठेचा खाल्ला. इकडे भाकरी मोठी आणि पातळ असते, आमच्याकडची जाड. मी एकीला थांबत नव्हते, ते पाहून बाई म्हणाल्या, "सांगलीला जेवाया घालत न्हाईत का काय?"

पुन्हा तांडा

पाणी उतरल्यावर गेलो. पट्ट्यावर एकही शेंदरी दगड नव्हता. मी खाली पुलापर्यंत चालत गेले, परत आले. नाही. एवढ्या पुरात काही दगड गाडले जातात, काही वाहून जातात, पण सगळ्याच्या सगळे? निम्मे सापडले तरी कृष्णेवर आम्ही मुलांना आइस्क्रीम देत असू.

तांड्यात शिरलो तर निंबाखालच्या ओट्यावर दगड होते. ओळीने मांडलेले, एकवीसपासून चढत्या क्रमाने. हळद, कुंकू, फुलं, समोर फोडलेला नारळ. सत्तेचाळीस होते. पुढची एक ओळ मोकळी सोडलेली होती.

मी संतोषकडे पाहिलं. तो म्हणाला, "मला वाटलंच होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही मॅडम आहात."

मी बाबांकडे गेले आणि सरळ सांगितलं, की हा शेंदूर नाही, दुकानातला रंग आहे, आणि हे मी रंगवलेले साधे दगड आहेत. आजूबाजूच्या बायांनी ऐकून घेतलं. बाबा म्हणाले, "ठावं हाय की. तुमाला रंग लावताना समद्यांनी पाह्यलं. पर एवढ्या पाण्यात गेले आन् रंग न्हाई गेला. मंग ठिवले आणून."

संतोषने वडिलांना फोन लावून या दगडांची स्थिती काय ते विचारलं. वडील म्हणाले, शेंदूर तेलातच कालवतात, तेव्हा ऑइलपेंट अगदीच बाद म्हणता येत नाही. नंबरांबद्दल मात्र आपल्याला काही माहिती नाही. एवढं सांगून त्यांनी फोन ठेवला.

माझं काम बुडालं होतं. दगड कुठे जाऊन पडले होते हेच मला हवं होतं, आणि ते सगळे उचलून आणलेले. मी ओट्याशेजारी बसले. तेवढ्यात शेवंताबाईंनी ओळीतला एक दगड दाखवला, चौतीस नंबर. "ह्यो मला गावला," म्हणाल्या. "हिरीच्या खालच्या अंगाला, करंजाच्या मुळीत." मी विचारलं, नक्की? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की देव कुठे सापडला हे कुणी विसरतं का.

कुणीच विसरलं नव्हतं. मी वही घेऊन घरोघर गेले. प्रत्येक घरी तुमचा कितवा, आणि कुठे गावला, एवढं विचारायचं. कुणी चहा दिला, कुणी केळी दिली. मग बाया मला नदीवर घेऊन गेल्या आणि एकेकीने हात करून जागा दाखवली, ह्या दगडाच्या डावीकडं, त्या खड्ड्याच्या तोंडाशी. वळणाचा नकाशा मी तिथेच बसून काढला. सत्तेचाळीसपैकी बहुतेक दगड आतल्या पट्ट्यावर, विहिरीच्या आसपास येऊन थांबले होते. वळण होतं म्हणूनच ते थांबले. माझ्या आयुष्यात इतकी चोख नोंद मला कधी मिळाली नाही. मी मुलांना एकतीस वर्षं शास्त्राची शिस्त शिकवली, ती सगळी वाया गेली असं तेव्हा वाटलं.

चहा पिताना बाबांनी मोकळ्या ओळीकडे बोट केलं. "एक ते वीस न्हाई गावले. दोन रोज हुडकून राहिले समदे. कुठं गेले?"

मला ठाऊक होतं, पण मी म्हटलं, चला. बंधाऱ्यावर गेलो. कोल्हापुरी बंधारा म्हणजे खांबांमध्ये बसवलेल्या लोखंडी फळ्या, म्हणजे बर्गे. पावसाळ्यात बर्गे काढायचे, म्हणजे पूर आणि त्यातलं सगळं सामान खाली जातं. पाऊस सरता सरता बसवायचे, म्हणजे पाणी अडतं. पद्धत आमच्याकडची, म्हणून नावही आमचं. इथे बर्गे बाराही महिने बसवलेलेच होते. संतोष म्हणाला, काढून ठेवले की चोरीला जातात, म्हणून कुणी काढत नाही. बंधाऱ्याच्या पाठीमागे गोट्यांचा आणि वाळूचा ढीग थेट बर्ग्यांच्या वरच्या कडेपर्यंत आला होता. त्या ढिगाच्या कडेला, गुडघाभर पाण्यात, शेंदरी ठिपके दिसत होते. सोळा मोजले. बाकीचे गाळात असणार.

बाबा कमरेवर हात ठेवून बघत होते. मी सांगायला सुरुवात केली, की सगळे गोटे इथे अडतात आणि खाली नुसतं पाणी जातं. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"माझा आजा बैलं हाकायचा," ते म्हणाले. "तो सांगायचा, गोणी लादलेला बैल वाटंनं चालते. गोणी उतरवून मोकळा सोडला का उधळते. मंग कुनाचं बी रान खाते." आणि खाली, शेवंताबाईंच्या कड्याकडे त्यांनी पाहिलं. "हे पानी मोकळं सुटून राहिलं."

माझ्याकडे या गोष्टीवर बावीस पानांची टिपणं आहेत. आकृत्यांसह.

ग्रामसभा

ग्रामसभा शाळेच्या व्हरांड्यात भरली. फोटोला हार, समोर सतरंजी, पुरुष एका बाजूला, बाया दुसऱ्या. सरपंच डोंगरकड्याच्या मोठ्या शेतकऱ्यांपैकी, मनाने चांगला माणूस. नदी सरळ झालेली त्यांना मनापासून हवी होती; रस्ता सरळ, ओळ सरळ, तशी नदी सरळ. त्यांनी मला बोलायला सांगितलं.

मी नकाशा दाखवला. बंधाऱ्यामुळे गोटे येत नाहीत, मोकळं पाणी काठ खातं, हे सांगितलं. बाबांनी बैलाचं सांगितलं, ते लोकांना माझ्यापेक्षा लवकर पटलं. मग शेवंताबाई उठल्या. सगळ्यांना ऐकू जाईल असं त्यांनी मला विचारलं, "वळण काढलं तर माझं रान वाचतंय का न्हाई?"

खोटं बोलायची मला मुभा होती. थोडं फिरवून सांगितलं असतं तर कुणाला कळलं नसतं.

"वाचेल," मी म्हटलं.

"आन् हीर?"

"सरळ केलेली नदी जोरात पळेल, तळ खाली खणेल. पट्ट्यावर गोटे येणार नाहीत. दोन-चार उन्हाळ्यांत विहीर आटेल."

त्या खाली बसल्या. त्यांच्या रानासाठी सगळा तांडा गेली दोन वर्षं अर्ज करत होता, आणि तेच रान वाचवलं तर सगळ्यांचं पाणी जाणार होतं, त्यांचंसुद्धा. मला त्या क्षणी सांगलीला असायला आवडलं असतं.

संतोष उठला. आपली योजना मागे घेतो म्हणाला. त्याचं तोंड पाहून मला वाईट वाटलं, त्याला त्याहून जास्त वाटत होतं. मग बोलणं बंधाऱ्याकडे वळलं. पावसाळ्याआधी बर्गे काढायचे हे सगळ्यांना मान्य, पण ठेवायचे कुठे? शाळेत ठेवले तर जातात, सरपंचांच्या गोठ्यात ठेवले तर सरपंचांवर आळ येतो. पुष्कळ चर्चेनंतर बाबा म्हणाले, निंबाच्या ओट्यावर ठेवा, देवांजवळ, बघू कोण हात लावते. ठराव एकमताने मंजूर झाला. भारतातल्या कुठल्याही धरणाची अशी व्यवस्था असल्याचं माझ्या वाचनात नाही.

शेवंताबाईंच्या काठासाठी मी एवढंच सांगू शकले, की काठालगत एक पट्टी नदीला मोकळी सोडावी. तिथे वाळा, निरगुडी, करंज लावावा. ओझं परत यायला लागलं की नदी हळूहळू निवेल, मग मुळ्या काठ धरतील. त्यांनी ऐकलं. पण सभा संपायच्या आधीच निघून गेल्या.

शेवटची सकाळ

निघायच्या दिवशी सकाळी मी रानात गेले, का ते मला नीट सांगता येणार नाही. मनाला लागलं होतं. शेवंताबाई काठावर उभ्या होत्या. हातात सुतळीचं बंडल, पायाशी खुंट्या आणि एक दगड ठोकायला. माझीच वाट बघत असाव्यात.

"किती सोडू?" त्यांनी विचारलं.

मी जुना गावनकाशा आणि संतोषची उपग्रहाची चित्रं ताडून पाहिली होती. काठ दर पावसाळ्यात किती सरकला हेही त्यांनीच मला सांगितलं होतं. त्यावरून मी म्हटलं, "पंचवीस पावलं."

"तुमची का माझी?"

मी त्यांच्यापेक्षा वीतभर उंच आहे. "तुमची," मी म्हटलं.

"बराबर पंचवीस? तिथं थांबते?"

हो म्हणायला काही लागलं नसतं. उद्या मी सांगलीला असणार होते. पण पंचवीस हा आकडा मी तीन नकाशे, दोन आठवणी आणि अंदाज मिसळून काढला होता, आणि या बाईचं पुढचं सगळं त्यावर होतं.

"खात्री नाही," मी म्हटलं. "थांबावी असं वाटतं. पण मला ठाऊक नाही."

त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी मान हलवली, काठावर पाय जुळवले आणि हळदीतून आत चालायला लागल्या. आपल्या बोलीत मोजत होत्या. हळद कमरेला लागत होती. पानं बाजूला सारत, एकही झाड न तुडवता त्या गेल्या. पंचविसाव्या पावलाला थांबल्या. मागे वळून काठाकडे पाहिलं. मग परत आत वळल्या, आणखी पाच पावलं टाकली आणि तिथे खुंटी ठोकली.

मी म्हटलं, शेवंताबाई, मी पंचवीसच म्हटले होते.

"पंचवीस नदीचे," त्या म्हणाल्या. "हे पाच, तुमाला ठावं न्हाई म्हणलात, त्याचे."

सुतळीचं टोक त्यांनी माझ्या हातात दिलं आणि घट्ट धरा म्हणाल्या. मग दुसरी खुंटी घेऊन काठाने पुढे गेल्या, पाय जुळवले, आणि तिथूनही तीसच मोजली.